पक्षाघातानंतर आखडलेला हात-पाय : घरी सैल करण्याचा क्रम आणि तो नेमका कुठे चुकतो

पक्षाघाताच्या झटक्यानंतर सुरुवातीला हात-पाय बहुतेक वेळा लुळे पडलेले असतात. काही आठवड्यांनी कोपर आपोआप वाकायला लागतं, मूठ मिटते, चालताना पाऊल आत वळतं. घरातल्यांना वाटतं, ताकद परत येतेय. थोडी येतही असेल, पण हा आखडलेपणा म्हणजे ताकद नव्हे. स्नायूंमधला ताण बेसुमार वाढलेला असतो. फाईलवर त्याला ‘टोन वाढला’, ‘स्पॅस्टिसिटी’ किंवा ‘हायपरटोनिया’ असं लिहिलेलं दिसेल.

स्नायू ताणला गेला की तो उलट ओढतो. ही प्रतिक्रिया प्रत्येकाच्या मज्जारज्जूत असते आणि मेंदू तिला आवर घालत असतो. झटक्यानंतर तो आवर सुटतो. मग जितक्या वेगाने ताणाल, तितक्या जोराने स्नायू उलटा खेचतो. घरी होणाऱ्या निम्म्या चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. उरलेल्या निम्म्या क्रम चुकल्याने होतात, कारण सगळे थेट बोटांपासून सुरुवात करतात.

इथला क्रम प्रौढांच्या पक्षाघातासाठी आहे. मणक्याची इजा आणि लहान मुलांची सेरेब्रल पाल्सी यांचे नियम वेगळे आहेत. तिथे हाच क्रम जसाच्या तसा वापरू नका.

## टप्पा १ : कडकपणा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

रुग्णाला उताणं झोपवा. कोपर अगदी हळू, मनात एक ते आठ मोजत, सरळ करा आणि कुठे अडतं ते बघा. दोन मिनिटं थांबा. मग तीच हालचाल साधारण एका सेकंदात करा, पण एकदाच, आणि सांधा दुखत नसेल तरच.

हळू नेल्यावर हात बराच सरळ होतो आणि वेगाने नेल्यावर मध्येच अडतो, कधी थोडं थांबल्यावर चाकूचं पातं मिटावं तसा एकदम सैल पडतो, तर ती स्पॅस्टिसिटी. या लेखातली कामं तिच्यासाठीच आहेत.

हळू न्या वा वेगाने, दोन्हीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध लागतो, जणू शिशाची नळी वाकवताय, किंवा दात्यांच्या चाकासारखे अडखळते झटके लागतात, तर ती रिजिडिटी. ती पार्किन्सनमध्ये आणि काही मानसिक आजारांच्या किंवा उलटी थांबवण्याच्या औषधांमुळे दिसते. तिचा इलाज वेगळा. आधी डॉक्टरांना दाखवा.

हळू आणि वेगाने, दोन्ही वेळा हात एकाच जागी ठप्प होतो आणि पुढे दोरी संपल्यासारखं वाटतं, तर स्नायू आणि सांधा कायमचे आखूड झाले असण्याची शक्यता आहे. याला काँट्रॅक्चर म्हणतात. इथे जोर लावून काहीही साधत नाही. टप्प्याटप्प्याने बदलायचं प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार तज्ज्ञाने करायचा असतो.

तपासा : हळू हालचालीत हात कुठे थांबला त्याचा मोबाईलवर फोटो काढा. दर वेळी त्याच बाजूने, त्याच उंचीवरून. महिनाभरानंतर तुलना करायला हा फोटो ‘जरा बरं वाटतंय’पेक्षा कामाचा ठरतो.

## टप्पा २ : आज कडकपणा का वाढला, ते आधी शोधा

हा टप्पा जवळपास प्रत्येक घरात गाळला जातो. काल सैल असलेला हात आज लाकडासारखा झाला असेल, तर मेंदूत नवीन काही घडलं असेलच असं नाही. शरीरात कुठेतरी काहीतरी टोचतंय, दुखतंय किंवा तुंबलंय. रुग्णाला बधिरपणामुळे ते जाणवत नसेल, किंवा वाचा गेल्यामुळे सांगता येत नसेल. स्नायू मात्र सांगतो.

व्यायामाआधी या क्रमाने बघा :

१. लघवी तुंबली आहे का? नळी असेल तर ती वाकलेली किंवा अंगाखाली दबलेली नाही ना? लघवीला उग्र वास, गढूळपणा, ताप, थंडी?

२. शौचाला शेवटचं कधी झालं? तीन दिवस उलटले असतील तर व्यायामापेक्षा पोट साफ होणं महत्त्वाचं.

३. माकडहाड, टाच, घोट्याचं बाहेरचं हाड, कोपराचं टोक या जागी लाली किंवा जखम आहे का?

४. पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलंय का? एवढ्याशा नखाने अख्खा पाय ताठ होतो.

५. नाडी, इलॅस्टिक, मोज्याची पट्टी, डायपरची कड, ब्लाउजची बाही कुठे काचतेय का?

६. खोली गार आहे का? पंखा थेट अंगावर आहे का? नुकतंच कुणी घाईने उचललं, ओरडलं, घाबरवलं?

यातलं काही सापडलं तर आधी ते सोडवा, मग अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा हात-पाय बघा. अनेकदा वेगळा व्यायाम करायची गरजच उरत नाही.

थांबा : एका पोटरीला सूज, ऊब, दुखणं किंवा लाली असेल तर पाय चोळू नका, ताणू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खुबा, गुडघा किंवा कोपर नव्याने सुजून गरम लागत असेल तरीही व्यायाम बंद ठेवा.

## टप्पा ३ : तयारी

वेळ. बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिनची (टोन उतरवणारी) गोळी चालू असेल तर ती घेतल्यानंतर साधारण एका तासाने बसा. भरल्या पोटी नको. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ३० ते ४० मिनिटं पुरतात. सकाळची वेळ आंघोळ आणि कपडे घालण्याच्या आधीची ठेवा. त्याचं कारण टप्पा ७ मध्ये येईल.

जागा. मऊ, खड्डा पडणारी गादी नको. पलंगावर घट्ट गादी, किंवा जमिनीवर सतरंजी आणि त्यावर पातळ गादी. तीन-चार उशा, दोन टॉवेल, एक घड्याळ. तुमच्या हातातल्या अंगठ्या, कडं, बांगड्या काढून ठेवा. नखं कापलेली हवीत.

ऊब. कोमट ओल्या टॉवेलने दहा मिनिटं शेकलं तर बरं वाटतं, पण लकवा असलेल्या बाजूला चटका कळत नाही. टॉवेल आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. गरम पाण्याची रबरी पिशवी आणि इलेक्ट्रिक शेक या बाजूला वापरू नका. भाजलेली जखम हेच पुढे कडकपणा वाढवणारं कारण होतं.

तेल. सावकाश, सपाट तळव्याने हलकं तेल लावायला हरकत नाही. रगडून, थापट्या मारून, गोळे दाबून केलेली मालिश टोन भडकवते. शिवाय तेलकट हात निसटतो आणि निसटला की झटका बसतो. मालिश करायचीच असेल तर व्यायामानंतर करा. मिटलेल्या मुठीच्या आत तेल कधीच सोडू नका, तिथे ते मुरतं आणि कातडी सडते.

पकड. स्नायूचा फुगीर भाग मुठीत आवळू नका. हाडाजवळ, सांध्याच्या वर आणि खाली, पूर्ण तळव्याने धरा. बोटांची टोकं रुतली की तो स्पर्शच स्नायूला चिथावतो.

## टप्पा ४ : आधी धड, मग खांदा

उताणं झोपवून दोन्ही गुडघे वाकवा, पावलं गादीवर टेकवा. दोन्ही गुडघे एकत्र धरून डावी-उजवीकडे हळूहळू झुलवा, दहा-बारा वेळा. कमरेपासून धड सैल होतं आणि त्यासोबत हाताची ओढही थोडी उतरते.

मग रुग्णाला चांगल्या कुशीवर वळवा. एक तळवा खांद्याच्या पात्यावर ठेवा, दुसऱ्या हाताने कोपर-दंडाचा पूर्ण भार पेला. पातं पुढे आणि वर, मग परत. आठ-दहा वेळा. पातं पाठीला चिकटून बसलेलं असताना नुसता हात वर उचलला तर खांद्यातली मऊ ऊती दोन हाडांमध्ये चिमटते. पक्षाघातानंतरच्या खांदेदुखीचं हे एक नेहमीचं कारण.

पुन्हा उताणं करून दंड अंगालगत ठेवा, कोपर काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या दिशेला हळू न्या. म्हणजे खांदा बाहेरून फिरतो. दुखायच्या आधी थांबा, ३० ते ६० सेकंद धरा, तीनदा. त्यानंतरच दंड अंगापासून बाजूला न्या. खांद्याच्या पातळीच्या वर घरी नेऊ नका. फिजिओने स्वतः शिकवलं असेल तर गोष्ट वेगळी.

नेहमीच्या तीन चुका इथे होतात :

- पलंगावरून उठवताना लुळ्या हाताला धरून ओढणं, किंवा काखेत हात घालून उचलणं. खांदा आधीच निसटायला आलेला असतो. धरायचं ते कमरेला, चड्डी किंवा पँटच्या पट्ट्याला, किंवा पाठीमागून पात्याला.
- छताला कप्पी टांगून चांगल्या हाताने लुळा हात वर खेचायचा व्यायाम. दिसायला जोरदार, खांद्याला घातक. टांगलेली असेल तर काढून टाका.
- दिवसभर गळ्यात झोळी. उभं राहताना आणि चालताना ठीक आहे, पण बसल्या-झोपल्या झोळीत ठेवलेला हात त्याच आखडलेल्या आकारात बसतो.

## टप्पा ५ : कोपर, मनगट, मूठ

कोपर सोपं आहे. एक हात दंडाखाली, दुसरा मनगटाच्या वर. आठ मोजत सरळ करा, अडलं की जोर वाढवायचा नाही, तिथेच थांबायचं. दहा-वीस सेकंदांत स्नायू स्वतः थोडा सोडतो, तेवढंच पुढे जायचं. थांबल्यावर जे मिळतं ते खरं मिळालेलं असतं. ढकलून मिळवलेलं पुढच्या मिनिटाला परत जातं.

खरी मारामारी मुठीशी होते. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट मागे असताना त्या आधीच ताणलेल्या असतात. अशा वेळी बोटांची टोकं धरून उचकटली तर पेरांचे सांधे उलटे ताणले जातात आणि स्नायू मात्र तसाच राहतो. काही महिन्यांनी बोटं वेडीवाकडी दिसू लागतात ती यामुळे. म्हणून क्रम असा :

१. कोपर वाकलेलं राहू द्या. मनगट तळव्याच्या दिशेने खाली वाकवा. सगळ्यांना हे उलटं वाटतं, पण दोऱ्या सैल पडल्या की बोटं आपसूक थोडी उघडतात.

२. अंगठा. टोकाला धरू नका. त्याच्या मुळाशी तळव्यात जो मांसल उंचवटा आहे, तिथे आपला अंगठा आणि तर्जनी लावून तो पूर्ण भाग तळव्यातून बाहेर काढा. अंगठा बाहेर आला की बाकीच्या बोटांची पकड निम्मी ढिली होते.

३. आता करंगळीच्या बाजूने आपली बोटं आत सरकवा आणि चारही बोटांना पूर्ण लांबीभर आधार देत उघडा. एकेक बोट नको.

४. बोटं सरळ धरूनच मनगट सावकाश वर आणा, हाताच्या रेषेत येईपर्यंत. बोटं पुन्हा वाकू लागली तर मनगट पुन्हा खाली घ्या आणि दुसऱ्यांदा आणखी हळू या.

५. हे टिकलं तर शेवटी कोपर हळूहळू सरळ करा. आता पूर्ण साखळी ताणली गेली आहे. ३० ते ६० सेकंद धरा. तीन ते पाच वेळा.

तपासा : बोटांच्या बुडाचे सांधे मागे कमानीसारखे वाकून पांढरे पडतायत का? तर ताण सांध्यावर जातोय. मनगट थोडं सोडा.

मूठ उघडल्यावर लगेच तळवा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून पूर्ण कोरडा करा, बोटांच्या बेचक्यांसकट. वास, पांढरट भिजलेली कातडी किंवा खाज असेल तर बुरशी झाली असू शकते, डॉक्टरांना दाखवा. नखं याच वेळी कापा किंवा कानशीने घासा. तळव्यात गॉजची सैल गुंडाळी ठेवली तर घाम शोषला जातो आणि नखं रुतत नाहीत.

आता तो चेंडू. हॉस्पिटलमधून घरी आलं की कुणीतरी हमखास पिवळा स्पंजचा चेंडू आणून देतं : ‘दिवसातून शंभरदा दाब.’ मूठ ज्याची उघडतच नाही, त्याला मूठ मिटण्याचाच सराव कशाला? त्याला उघडण्याचा सराव हवा : टेबलावर टॉवेल पुढे सरकवणं, उभा ग्लास पकडून सोडणं, तळवा टेकवून त्यावर भार देणं. ज्याची बोटं स्वतःहून उघडतात आणि पकड कमकुवत आहे, त्याने चेंडू दाबावा. तेही फिजिओला विचारून.

## टप्पा ६ : पाय

मांड्यांच्या आतल्या बाजूची ओढ आधी सोडवा, नाहीतर डायपर बदलणं आणि स्वच्छता दोन्ही अवघड होतात. गुडघे वाकवून, एका गुडघ्याला आधार देत दुसरा सावकाश बाहेर न्या. दोन्ही एकदम फाकवू नका. वयस्कर, हाडं ठिसूळ झालेल्या माणसाच्या मांडीचं हाड जोराच्या ताणाने मोडू शकतं.

गुडघ्याखाली कायमची उशी ही ‘आरामासाठी’ म्हणून केलेली चूक आहे. पाय वाकलेलाच राहतो आणि गुडघा-खुबा दोन्ही आखूड होतात. उताणं झोपताना पाय सरळ असावेत. हृदय, श्वास किंवा पोटाची अडचण नसेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल, तर दिवसातून १०-१५ मिनिटं पालथं झोपवल्याने खुब्याला चांगला ताण मिळतो.

पोटरी आणि घोटा : टाच तळव्याच्या वाटीत पकडा. तुमच्या हाताचा पुढचा भाग रुग्णाच्या तळपायावर सपाट टेकलेला हवा. आधी टाच खाली आपल्याकडे ओढा, मग शरीर थोडं पुढे झुकवून तळपाय वर येऊ द्या. फक्त चवडा वर ढकलला तर पावलाच्या मधल्या कमानीत सांधे ढिले होतात. बाहेरून पाऊल वर आलेलं दिसतं, टाच मात्र जागची हललेली नसते. गुडघा सरळ ठेवून ३० ते ६० सेकंद तीनदा, मग गुडघा थोडा वाकवून तीनदा. पोटरीत दोन थर आहेत, एकाच स्थितीत दोन्ही ताणले जात नाहीत.

पाऊल धडधड थरथरू लागलं तर घाबरू नका, त्याला क्लोनस म्हणतात. ताण थोडा सोडा, थरथर थांबेल. खुर्चीत बसल्यावर होत असेल तर फक्त चवडा फूटरेस्टवर टेकला असणार. टाचेसकट पूर्ण पाऊल सपाट टेकवा आणि गुडघ्यावरून हाताने खाली दाब द्या. याच कारणासाठी पलंगाच्या पायथ्याशी फळी लावून चवडा तिच्यावर टेकवू नका. पाय सरळ राहील या आशेने लोक लावतात आणि तो आणखी ताठ होतो.

ज्याला आधाराने उभं राहता येतं, त्याच्यासाठी पोटरीचा सगळ्यात चांगला ताण म्हणजे टाच टेकवून उभं राहणं. समोर घट्ट टेबल, मागे भिंत किंवा खुर्ची, लकवा असलेल्या बाजूला तुम्ही. पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वीस-तीस मिनिटांपर्यंत न्या. पहिल्या काही वेळा रक्तदाब बघून घ्या.

## टप्पा ७ : मिळालेला वेळ वाया घालवू नका

ताणून सैल झालेला स्नायू फार काळ सैल राहत नाही. नुसत्या ताणण्याने काँट्रॅक्चर टळतं याला भक्कम आधार नाही, हेही माहीत असू द्या. म्हणून ताणल्यानंतरच्या अर्ध्या-एक तासात काय केलं, यावर बराचसा फायदा ठरतो. आंघोळ, काख आणि तळवा धुणं, कपडे, उभं राहणं, चालणं, हाताने एखादं खरं काम : सगळं या वेळेत बसवा. व्यायाम करून रुग्णाला परत झोपवून टीव्ही लावून दिला, तर अर्धी मेहनत गादीतच राहिली.

कपडे घालताना बाही आधी लुळ्या हातात, काढताना शेवटी लुळ्या हातातून. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा शर्ट घ्या, हुकांऐवजी वेलक्रो लावून घ्या, बाही एक बोट सैल शिवा.

## टप्पा ८ : उरलेले तेवीस तास

बसणं : खुर्चीची उंची म्हणजे रुग्णाच्या गुडघ्यामागच्या वळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर. कंबर मागे टेकलेली, दोन्ही पावलं सपाट, लकवा असलेला हात पुढे टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर. सोफ्यात माणूस रुततो, घसरतो आणि घसरताना अख्खं अंग ताठ करून धरतो. प्लास्टिकच्या खुर्चीतही तेच. सीटवर रबरी जाळीची चटई टाकली तरी बराच फरक पडतो.

झोपणं : लकवा असलेल्या कुशीवर झोपवायला लोक घाबरतात. झोपवता येतं, फक्त खालचा खांदा हलक्या हाताने पुढे काढून घ्यायचा, अंगाखाली दबू द्यायचा नाही. चांगल्या कुशीवर असताना वरचा हात पुढे उशीवर, वरचा पाय वाकवून उशीवर. दर दोन तासांनी कूस बदला.

स्प्लिंट (हात-पाय ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा साचा) : पहिल्या दिवशी २० ते ३० मिनिटं. काढा, कातडी बघा. लाली २०-३० मिनिटांत गेली तर वेळ हळूहळू वाढवा. न गेल्यास तो स्प्लिंट बनवणाऱ्याकडे परत न्या, कापूस भरून चालवून घेऊ नका. दुकानातून आकार न बघता घेतलेल्या स्प्लिंटमध्ये मनगट सरळ दिसतं, पण बोटं कडेवरून वळून आणखी घट्ट मिटतात. घोट्याचा प्लास्टिकचा एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट) घालताना टाच आत पूर्ण बसली पाहिजे. आधी घोट्याचा पट्टा, मग वरचा. आत सुती, शिवण नसलेला मोजा आणि एक माप मोठा बूट. मापाचे स्प्लिंट आणि कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत बनवून मिळतात. इतर शहरांत मोठ्या सरकारी रुग्णालयाचा पुनर्वसन विभाग विचारा.

## टप्पा ९ : औषधं आणि इंजेक्शन

बॅक्लोफेन सहसा ५ मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा असं सुरू करून काही दिवसांच्या अंतराने वाढवतात. वाढ डॉक्टरच ठरवतील. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते आधी सांगा, कारण औषध अंगात साठतं आणि माणूस सुस्त, गोंधळलेला होतो.

कडक इशारा : बॅक्लोफेन एकदम बंद करू नका. गोळ्या संपल्या, दुकान बंद होतं, ‘झोप फार येते’ म्हणून घरच्यांनी थांबवली, यातून भास, फिट, ताप आणि आधीपेक्षा भयंकर कडकपणा येऊ शकतो. घरात किमान आठवड्याचा साठा ठेवा. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचं असेल तेव्हाही भूलतज्ज्ञांना ही गोळी चालू असल्याचं सांगा.

टिझॅनिडिन रक्तदाब उतरवतं, म्हणून झोपेतून झटकन उठवू नका. अधूनमधून यकृताची तपासणी लागते. सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत हे औषध चालत नाही. दोन्ही एकत्र घेतल्यास टिझॅनिडिनचं रक्तातलं प्रमाण कैक पटींनी वाढतं. लघवीच्या जंतुसंसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन सर्रास दिलं जातं आणि हे दुखणं या रुग्णांना वारंवार होतं. त्यामुळे कोणतंही अँटिबायोटिक घेताना गोळ्यांची यादी पुढे ठेवा.

सगळा कडकपणा घालवायचा हट्ट धरू नका. काहीजण गुडघ्याच्या ताठरपणावरच उभे राहत असतात. गोळी वाढवल्यावर पाय मऊ पडून माणूस पडू लागला, तर मात्रा जास्त झाली.

एक-दोनच स्नायू त्रास देत असतील, उदाहरणार्थ मूठ किंवा पोटरी, तर अख्ख्या अंगाला सुस्त करणाऱ्या गोळीपेक्षा त्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन बरं पडतं. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, चार ते सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतो. इंजेक्शन पुन्हा द्यायचं तर साधारण १२ आठवड्यांचं अंतर ठेवतात. मुख्य चूक म्हणजे इंजेक्शन देऊन घरी बसणं. ताणणं, स्प्लिंट आणि सराव या पहिल्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त हवेत. त्यासाठी फिजिओच्या तारखा इंजेक्शनच्या आधी ठरवा. काँट्रॅक्चर झालेल्या सांध्याला या इंजेक्शनाने फरक पडत नाही, त्यामुळे टप्पा १ ची चाचणी खर्च वाचवते.

## डॉक्टरांकडे जाताना काय न्याल

‘कडकपणा खूप आहे’ एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. वहीत चार रकाने आखा : तारीख, हळू हालचालीत कुठवर येतं (फोटोसह), कोणतं काम अडलं, लघवी-शौच-झोप. डॉक्टर तपासून ० ते ४ अशी सुधारित ॲशवर्थ श्रेणी लिहितील, मध्ये एक ‘१+’ पायरीही असते. तो आकडा मागून घ्या आणि त्याच वहीत टिपा. काय हवंय ते कामाच्या भाषेत सांगा : ‘तळवा धुता यावा’, ‘टाच टेकावी’, ‘रात्री पेटक्याने जाग येऊ नये’.

तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करायचे किंवा थेट रुग्णालय गाठायचे प्रसंग :

- चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, दुसरीही बाजू कमजोर पडणं.
- मानसिक आजाराचं नवीन औषध सुरू झाल्यावर किंवा बॅक्लोफेन चुकल्यावर तीव्र ताप, अंग लाकडासारखं, घाम, गोंधळ.
- जखमेनंतर काही दिवसांनी जबडा उघडेनासा होणं. हा पक्षाघाताचा कडकपणा नव्हे, धनुर्वात असू शकतो.
- ताणताना ‘कट’ आवाज, त्यानंतर सूज किंवा अंग आकारात वेगळं दिसणं. तो भाग हलवू नका, उशीचा आधार देऊन आहे तसाच न्या.